फळ्यावरचा ‘इन्द्रशत्रुः’

स्मरणिकेसाठी मनोगत लिहा असं पत्र आलं, आणि मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलन सगळं बाजूला सरून उरला तो संस्कृतचा फळा. त्यावर बाईंनी एकच शब्द दोनदा लिहिला होता.

पाठांतरात कुणीतरी ह्रस्वाचं दीर्घ केलं आणि वर ‘काय फरक पडतो’ असं पुटपुटलं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि गोष्ट सुरू केली.

देवांचा कारागीर त्वष्टा. त्याच्या तीन तोंडांच्या मुलाला, विश्वरूपाला, इंद्राने मारलं. त्वष्ट्याने मग इंद्राला वगळून सोमयाग मांडला. इंद्र आला आणि बळजबरीने सोम पिऊन गेला. उरलेला सोम त्वष्ट्याने आहवनीय अग्नीत, म्हणजे आहुतीच्या अग्नीत, ओतला: ‘स्वाहेन्द्रशत्रुर्वर्धस्व’. त्याला हवा होता इंद्राचा संहारक, म्हणजे तत्पुरुष समास. त्यात उदात्त, म्हणजे उंच स्वर, शेवटच्या अक्षरावर. ऋग्वेदाच्या पद्धतीने पहिल्या तीन अक्षरांखाली आडव्या रेघा, ‘त्रुः’ मोकळं. तोंडून गेला बहुव्रीही: उदात्त ‘इ’वर, ‘न्द्र’च्या डोक्यावर एक उभी रेघ, खाली काही नाही. अर्थ झाला ‘इंद्र ज्याचा संहारक’. वृत्र जन्मला, तो मरायलाच.

ही कथा तैत्तिरीय संहितेतली. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 32 व्या सूक्तात मात्र हाच त्वष्टा इंद्राला वज्र घडवून देतो! बाईंना ही विसंगती फार आवडायची. ‘वृ’ म्हणजे झाकणे, अडवणे. पाणी अडवून डोंगरावर पसरलेला अहि, म्हणजे सर्प, तो वृत्र. हात ना पाय, तरी इंद्राशी भिडतो. वज्र बसल्यावर कुऱ्हाडीने तोडलेल्या खोडासारखा जमिनीला टेकतो आणि पाणी त्याच्या अंगावरून वाहत जातं. त्याची आई दानू त्याच्यावर आडवी, वासराजवळ गाय निजावी तशी. वृत्र कोण, यावर निरुक्तकार यास्क दोन मतं नोंदवतात: शब्दांची व्युत्पत्ती लावणाऱ्या नैरुक्तांच्या मते मेघ, कथा खरी घडली मानणाऱ्या ऐतिहासिकांच्या मते त्वष्ट्याचा असुर पुत्र. बाई मेघवाल्यांवर चिडायच्या. ‘ढगाला आई कशाला लागते?’

आता सूक्तं मोबाइलवर मिळतात, पण पुष्कळदा रेघा गळालेल्या. युनिकोडने आणखी घोळ घातलाय. त्या उभ्या रेघेचं नावच तिथे ‘उदात्त’. ऋग्वेदात ती स्वरिताची, म्हणजे उदात्तानंतरच्या उतरत्या स्वराची खूण, उदात्त बिनखुणेचा. नाव वाचून रेघ टाकणारा ती ‘इ’वर टाकतो आणि स्वर एका अक्षराने सरकतो. बाईंनी हे पाहिलं असतं तर खडूच फेकला असता.

घंटा झाली तेव्हा बाई चौदाव्या ऋचेवर होत्या. वृत्राला मारल्यावर इंद्राच्याच काळजात भीती शिरते आणि घाबरलेल्या श्येनासारखा, ससाण्यासारखा, तो 99 नद्या ओलांडून जातो. असं कुणाला पाहिलंस, हे ऋषी हिरण्यस्तूप इंद्रालाच विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता पंधराव्या ऋचेत त्याला राजा म्हणून मोकळा होतो.

फळा भूमितीच्या तासाला पुसला गेला.