स्की न करणाऱ्यांची बॅग

मुलांच्या स्की-शाळेने निघण्याआधी कपड्यांची यादी पाठवली होती. यादी चांगली होती, त्यात वाद नाही. थर्मल, फ्लीस (मऊ, लोकरीसारख्या कापडाचा स्वेटर), पाणी न शिरणारं जॅकेट, हेल्मेट, गॉगल, सगळं नीट समजावून. पण ती वाचताना वाटावं की कुटुंबातलं प्रत्येक माणूस सकाळी उठून पायाला स्की बांधणार आणि डोंगरावरून सुटणार. आमच्यासोबत सासूबाई होत्या. त्या नातवंडांना घसरताना बघायला आल्या होत्या, घसरायला नाही. त्यांच्यासाठी त्या यादीत एक ओळही नव्हती, आणि मला अजून त्याचाच राग आहे.

घसरणाऱ्यांचं आधी उरकून टाकते, कारण त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात. बर्फात खेळणारा माणूस हवेपेक्षा स्वतःच्या घामाने जास्त गारठतो. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला बनियन अंगाला चिकटला की वरून कितीही महागडं जॅकेट घाला, काही उपयोग नाही. म्हणून आत सुती काहीही नको. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं कवच. मेरिनो आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. शिवाय वास धरत नाही, हा तिचा मोठेपणा एका खोलीत सगळं कुटुंब कोंबलं की कळतो. कवचावर दहा हजार, वीस हजार मिलिमीटर असे आकडे असतात. ते कापड पाण्याचा किती दाब सोसतं त्याचे आहेत. मुलं शिकतात तेव्हा दिवसातला निम्मा वेळ बुडावर बसलेली असतात, म्हणून आकड्याचा विचार जॅकेटआधी पॅंटसाठी करा.

मोजे एकावर एक दोन घालायचे नाहीत. हे मी नवऱ्याला बजावलं, दुकानदाराने बजावलं, तरी त्याने घातलेच. स्की बूट मुळात करकचून बसतो. त्याचं माप तळव्याच्या लांबीचं, सेंटीमीटरमध्ये असतं, आणि त्यात जास्तीचं कापड गेलं की रक्त नीट फिरत नाही, पाय उलट गार पडतो. एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा. थर्मलची पॅंटही बुटात कोंबायची नाही, पोटरीवरच संपली पाहिजे, नाहीतर तिची शिवण दिवसभर नडगीत रुतते. गळ्याला लोंबणारा मफलर नको, डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये अडकतो, गळपट्टी वापरा. हेल्मेटखाली जाड कानटोपी नको, हेल्मेट सैल बसतं. मुलांना बोटं सुटी असलेले हातमोजे देऊ नका, चारही बोटं एकत्र राहणारे द्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. आणि दोन जोड्या, कारण पहिली जोडी अकरापर्यंत ओली होतेच.

बूट आणि स्की भाड्याने घेतल्या तो भाग लवकर विसरावा असा होता. गर्दी, रबराचा वास, रडणारी मुलं. वजन, उंची, वय, विचारून विचारून बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बांधणीचा आकडा ठरवतात, म्हणजे पडल्यावर बूट योग्य वेळी स्कीमधून सुटावा. तिथे वजन कमी सांगायची हौस बाळगू नये. शेजारच्या रांगेतल्या एका बाईंनी बाळगली, आणि त्यांच्या मुलाने मोठ्याने खरा आकडा सांगितला.

आता मुद्द्यावर येते. मुलांचा वर्ग सकाळी दोन तासांचा. पायथ्याशी लहानांसाठी बुटका उतार, वर न्यायला सरकता पट्टा, भोवती जाळीचं कुंपण. आम्ही दोघं पलीकडच्या उतारावर धडपडत होतो. आई कुंपणाशी उभ्या होत्या. मागे पन्नास पावलांवर काचेच्या खिडक्यांचं उबदार उपाहारगृह होतं आणि मी त्यांना तीनदा सांगितलं होतं की तुम्ही आत बसा. पण आतून तो उतार दिसत नव्हता. आणि धाकटी दर वेळी खाली आली की आधी कुंपणाकडे बघायची, आजीची पिवळी टोपी दिसली की मगच पुन्हा पट्ट्यावर चढायची. हे मला नंतर कळलं. आईंना पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं, म्हणून त्या हलल्या नाहीत.

मी परत आले तेव्हा विचारलं, "आई, थंडी वाजतेय का?"

"छे गं, मजेत आहे मी. बघ, आता एकटी वळते ती."

मग धाकटीचे सुके हातमोजे द्यायला त्या पर्सची चेन उघडू लागल्या आणि त्यांना चेन धरताच येईना. बोटं वाकत नव्हती. मी हातमोजा काढला तर टोकं पांढरीफटक. त्यांना आत नेलं, बूट काढले, मोजे चिंब. पायात चालायचे चांगले, नवे बूट होते, पण वरून जाळीचे. यादीत पादत्राणांबद्दल एवढंच होतं की बूट भाड्याने मिळतील. कोणाला मिळतील? घसरणाऱ्यांना.

गारठलेला हात चोळायचा नाही, कातडीला इजा होते. मी त्यांचे हात माझ्या काखेत धरून बसले. त्यांना फार संकोच वाटला, सारख्या आजूबाजूला बघत होत्या. हळूहळू लाली आली आणि तेव्हा मात्र दुखायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "मला खरंच कळलं नाही गं." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. वय वाढलं की थंडीची जाणीव बोथट होते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या पटकन आकसत नाहीत, हुडहुडीही उशिरा भरते. ज्याला सगळ्यात आधी गारठा बाधतो त्यालाच तो सगळ्यात शेवटी कळतो.

मी शाळेच्या काउंटरवर जाऊन तावातावाने बोलले. तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितलं की पालकांनी मध्येमध्ये आत यावं, असं आम्ही सुचवतो. कुठे सुचवता? भिंतीवर मुलांसाठी सहा चित्रं होती.

साधा हिशेब आहे. स्वस्थ असलेलं मोठं माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, घसरणारं त्याच्या कितीतरी पट. म्हणजे दोघांना लागणारे कपडे एकमेकांच्या उलट. घसरणाऱ्याला पातळ थर आणि काखेत चेन हवी, घाम बाहेर जायला. उभ्या माणसाला घाम येतच नाही, त्याला जाड, लांब, पिसं भरलेला कोट हवा. पिसं भिजली की चपटी होऊन निकामी होतात, म्हणून स्की करणारे ती टाळतात, पण कोरड्या थंडीत उभं राहायला त्यासारखं दुसरं काही नाही. कोट गुडघ्याखाली जाणारा हवा. आणि लिफ्टच्या खुर्चीत बसलेला घसरणाराही तेवढा वेळ उभ्या माणसासारखाच असतो, तोही घामाने ओला. उणे १० अंशात ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २० वाटतं. गळपट्टी नाकापर्यंत चढवायची ती तिथे.

दुपारी आम्ही आईंसाठी सगळं नव्याने घेतलं. भाड्याने तसलं काही मिळेना. बर्फाचे बूट एक माप मोठे, म्हणजे आत हवा राहते, आणि जाड तळवा, कारण थंडी जमिनीतूनच वर चढते. नवऱ्याने हातात धरायची गरम पाकिटं आणली आणि हौसेने ती बुटात सरकवली. ती तिथे थंडच पडली. आत लोखंडाची भुकटी असते, हवेतल्या प्राणवायूशी ती गंजते तेव्हा ऊब निघते, आणि घट्ट बुटात हवा कुठून येणार? पायांसाठी वेगळी मिळतात. काळा चष्मा आणि ऊन अडवणारं मलमही त्यांना आमच्याइतकंच लागलं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. मोठ्याची हनुवटी आणि नाकपुड्यांची खालची बाजू भाजली होती, तिथे मलम लावायचं कोणाच्या डोक्यात येतं?

उरलेले दिवस छान गेले. मी पडले, नवरा जास्त पडला, मुलं आम्हाला मागे टाकून गेली.

पुढच्या वेळची यादी आईंनी परतीच्या गाडीत मला सांगून लिहून घेतली. पायाखाली घ्यायला फोमची जाड चटई, घडी होणारी. गरम पाण्याचा थर्मास, तोही त्यांचा स्वतःचा, मुलांनी हात लावायचा नाही. पातळ हातमोजे आत आणि जाड वर, म्हणजे फोटो काढताना हात उघडा पडत नाही. टोपी पिवळीच. थंडी वाजते का असं विचारायचं नाही, दर अर्ध्या तासाने हात धरून बघायचा. मग त्यांनी नवऱ्याच्या नावापुढच्या तीन फ्लीसवर बोट ठेवलं आणि दोन खोडायला लावल्या, त्यांच्या कोटाला बॅगेत जागा हवी म्हणून.