नात्यातलंच मूल का नाही घेतलंत?

हळदीकुंकवाला, लग्नात, खानापूरच्या बसमध्ये, विचारणाऱ्या बायका वेगळ्या असतात, प्रश्न तोच. ‘घरातलंच एखादं घ्यायचं की वो, रक्ताचं तरी झालं असतं.’ त्यात वाईट हेतू नसतो. आमच्या बेळगाव भागात भावाचं, दिराचं मूल पदरात घेणं जुनंच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दोनदा आयव्हीएफ झालं, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची ओटीही भरून आले. तेव्हाच धाकट्या जावेला तिसऱ्यांदा दिवस गेले. सासूबाई म्हणाल्या, ‘हे थोरलीच्या ओटीत घालूया.’ दीर गप्प राहिले. जाऊ ‘बरं’ म्हणाली. मीही ‘बरं’ म्हणाले, खोटं कशाला सांगू?

बारशाला गेले. जावेनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाठमोरी बसून दुपट्यांच्या घड्या घालायला लागली. बाळ रडायला लागलं. ती वळली नाही, पण एकच दुपटं उलगडून पुन्हा घडी घालत राहिली. पदर सारखा केला तेव्हा दिसलं, तिचा ब्लाउज दुधानं भिजला होता. मी उठले, बाळ तिच्या कुशीत दिलं आणि दार ओढून बाहेर आले. माझ्यापुरता तो विषय तिथंच संपला.

नात्यातलं मूल घेऊन सुखानं नांदणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना नावं ठेवत नाही. पण आमच्या घरात जावेला कुणी विचारलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

कित्तूर आमच्यापासून तासाभरावर. तिथला दत्तक वारस इंग्रजांनी मानला नाही, म्हणून 1824 मध्ये राणी चन्नम्मा लढल्या. दत्तक म्हटलं की आमच्याकडे अजून वंश, वाटणी आणि रक्तच आठवतं. आमची काही गादी नाही. दोन खोल्यांचं घर, आणि त्यात रात्री उठवणारं कुणी नव्हतं.

मग ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नाव नोंदवलं. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85 च्या वर चालत नाही. आमची 80 होती. समाजसेविका घरी येऊन सगळं बघून, विचारून गेल्या. नियम वाचताना एका ओळीवर थांबले: आई स्वतः मूल सोपवते तेव्हा तिला फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. त्या मुदतीत तिला मूल परत नेता येतं. वाचताना मला जावेची पाठ आठवली. माझ्या लेकीच्या जन्माची हकिकत मात्र तिची आहे, ती इथं लिहिणार नाही.

तीन वर्षं वाट पाहिली. मग एका मंगळवारी मोबाइलवर फोटो आला. होकार कळवायला 48 तास असतात, आम्हाला 10 मिनिटंही लागली नाहीत. दत्तकाचा आदेश 2022 च्या सप्टेंबरपासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. कानडी कागद ह्यांनी वाचून दाखवले, मी सह्या केल्या.

लेक आठ महिन्यांची होती. तिच्या कानाला कानडीच ठाऊक. मी ‘रडू नको गं’ म्हणाले की आणखी जोरात रडायची. संस्थेतल्या आयाबाई ‘अळबेड, अळबेड’, म्हणजे रडू नको, असं म्हणत तिला खांद्यावर घेऊन थोपटायला लागल्या आणि मग हळूच ‘जो जो’ म्हणाल्या. तेवढं मला येत होतं. मीही ‘जो जो’ म्हणत हात पुढे केले. ती आली.

घरी पोचलो तर जाऊ दारात भाकरतुकडा घेऊन उभी. ओवाळून झाल्यावर तिनं पिशवीतून टोपडं काढलं. तिच्या धाकटीचं, बारशाच्या दिवशीचं, धुऊन जपून ठेवलेलं. माझ्या लेकीला ते लहान झालं. जाऊ म्हणाली, ‘राहू दे, उशाशी ठेव,’ आणि पोरीला माझ्याकडून मागून घेतलं.