जांभूळ दरवाजा ते पाबळ

शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत पण येणारे लोक एकच बघतात, दिल्ली दरवाजा. खिळ्यांपाशी फोटो, आत हजारी कारंज्यापाशी अजून एक फोटो, झालं. मी आणि माझी मावसबहीण यावेळी ठरवून आधी दक्षिणेच्या दरवाज्याकडे गेलो. त्याला आता सगळे नारायण दरवाजा म्हणतात कारण १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांचा देह तिथून बाहेर काढला. पण त्याचं दुसरं नाव जांभूळ दरवाजा, आणि वाड्यातल्या नाटकशाळांची, म्हणजे पेशव्यांनी ठेवलेल्या बायकांची, ये-जा याच दरवाज्यातून व्हायची. तिथं कोणी थांबत नाही. आम्ही बराच वेळ थांबलो.

ताई शाळेत इतिहास शिकवते. ती म्हणाली, "अगं, दरवाज्यांची नावं आम्ही मुलांकडून घोकून घेतो, पण यातून कोण जायचं ते एकाही मुलाला माहीत नसतं." खरंय. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला हे पुण्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं आणि आता फक्त जोती राहिलीत, तर त्या जोत्यांमधून फिरताना मी एकच विचार करत होते की राण्यांचे महाल कुठे होते ते पाट्या वाचून कळतं, पण ज्या बायका रात्री गायच्या, नाचायच्या, ज्यांना कधी बोलावणं येईल ते माहीत नसायचं, त्या कुठे झोपायच्या, आजारी पडल्यावर त्यांच्या उशाशी कोण बसायचं.

आणि नाटकशाळा म्हणजे तरी वरच्या पायरीवरच्या. त्यांच्या खाली कुणबिणी आणि बटकी, म्हणजे दासी. या बायका चक्क विकत घेतल्या जायच्या, लग्नात आंदण म्हणून दिल्या जायच्या, आणि पेशवाईत एखाद्या बाईवर बदकर्माचा ठपका आला की शिक्षा म्हणून तिला सरकारी कुणबीण करायचे. दळण, कांडण, गोठा, बांधकामावरचं काम, सगळं त्यांच्या अंगावर. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत त्यात त्यांच्या नोंदी आहेत, आणि त्या नोंदी हिशोबाच्या आहेत, धान्य किती, कापड किती. म्हणून वाड्यातल्या प्रेमाच्या गोष्टी कोणी रंगवून सांगायला लागलं की मला आधी हे कागद आठवतात. जिला घर सोडून जायची मुभाच नाही तिच्या प्रेमाला प्रेम म्हणायच्या आधी जरा थांबावं माणसानं. पण म्हणून त्या बायकांना मनच नव्हतं असं समजणं हाही तितकाच मोठा अन्याय आहे, उलट जास्तच. त्यांनी एकमेकींच्या वेण्या घातल्या असतील, पोरं सांभाळली असतील, हेवेदावे केले असतील, कोणावर तरी जीव लावला असेल.

तिथून बाजीराव रोडनं चालत राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेला महाल होता, १७३४ च्या सुमाराचा, त्याचे उरलेले भाग केळकरांनी आणून इथं पुन्हा उभे केलेत. लोक त्या दालनात शिरतात, झुंबरं बघतात, "वॉव" म्हणतात, निघतात. मला मात्र जास्त वेळ लागला तो बाकीच्या कपाटांपाशी. पाय घासायच्या वज्र्या, अडकित्ते, दिवे. प्रत्येक वज्रीवर काहीतरी घडवलेलं, मोर, हत्ती, पक्षी. पाय घासायच्या वस्तूवर कोणी एवढा जीव ओतलाय हे बघून बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की मालकिणीच्या टाचा घासणारे हात कोणाचे असणार.

मस्तानीबद्दल पुण्यात अजूनही दोन तट आहेत. लग्नाची बायको की ठेवलेली? ती छत्रसाल बुंदेल्यांची मुलगी, १७२९ मध्ये मोगल सरदार मोहम्मद खान बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावांनी छत्रसालांना सोडवलं त्यानंतर ती त्यांच्याकडे आली. जुन्या कागदांत तिला कलावंतीण म्हटलंय. माझं मत स्पष्ट आहे, ज्यांनी लिहिलं त्यांना तिला घरात घ्यायचं नव्हतं. १७३४ ला मुलगा झाला, त्याचं नाव कृष्णराव ठेवलेलं, बाजीरावांना त्याची मुंज करायची होती, ब्रह्मवृंदानं नकार दिला आणि तो शमशेर बहादूर म्हणून वाढला. घरची कार्यं निघाली तेव्हा बाजीराव हजर राहणार असतील तर आम्ही येणार नाही असं भटजी म्हणाले, म्हणजे उभ्या हिंदुस्थानात ज्याचा दरारा त्याला स्वतःच्या घरच्या मांडवात उभं राहायची चोरी. शेवटी ते स्वारीवर असताना घरच्यांनी मस्तानीला नजरकैदेत ठेवलं. २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले, आणि त्यानंतर लवकरच तीही गेली. कोणी म्हणतं हिरा गिळला, कोणी म्हणतं धक्क्यानं.

दुसऱ्या दिवशी पाबळ. नगर रोडनं शिक्रापूर, तिथून डावीकडे वळून केंदूरमार्गे. वाघोलीपर्यंतच्या ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही, जे जातात त्यांना माहितीय. शिक्रापूर सोडलं की मात्र रस्ता मोकळा होतो, दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं, मधेच ज्वारी, उघडेबोडके माळ. पाबळ मस्तानीला इनाम दिलेलं गाव, आणि तिची कबर इथंच, एका साध्या चौकोनी आवारात. कसलाही थाट नाही. चादर होती, आणि ताजी फुलं. गावातल्या एका आजींना रस्ता विचारला तर म्हणाल्या, "मस्तानीबाईंकडं जायचंय व्हय, जा की सरळ," जणू बाई आत चुलीपाशीच बसल्यात. मला ते इतकं आवडलं! पुण्यात तिच्यावर भांडतात, इथं ती शेजारीण आहे. आजींनी नंतर चहाला बोलावलं आणि आम्ही गेलो, त्यांनी इतिहास काही सांगितला नाही, सुनेची तक्रार सांगितली आणि जाताना ओल्या शेंगा दिल्या.

कबरीपाशी ताईनं एकदम विरूबाईंचा विषय काढला. साताऱ्याच्या शाहू महाराजांची ही नाटकशाळा, दोन राण्या असताना घरचा सगळा कारभार हिच्या हातात, आणि अक्कलकोटच्या फत्तेसिंह भोसल्यांना तिनं मुलासारखं वाढवलं. तीही त्याच १७४० साली गेली. म्हणजे एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकीला महाराजांच्या घरात शेवटपर्यंत मान मिळाला आणि दुसरीला पेशव्यांच्या घरात कैद. प्रेम दोन्हीकडे होतं, दोन्ही पुरुष जीव लावणारे होते, फरक पडला तो घरात शब्द कोणाचा चालतो याचा. शाहू छत्रपती, त्यांना विचारणारं कोण? बाजीरावांच्या डोक्यावर आई, भाऊ आणि अख्खं पुणं.

आणि पोरांचं काय झालं हे तर बघाच. शमशेर बहादूर पेशव्यांकडून पानिपतावर लढला, जखमी झाला आणि १७६१ मध्ये डीगला सूरजमल जाटाच्या आश्रयाला असताना मेला, ऐन पंचविशी-सत्ताविशीत. ज्या घराण्यानं मुंज नाकारली त्याच घराण्यासाठी. त्याचा मुलगा अलीबहादूर, बांद्याचे नवाब ते याच्याच वंशातले, आणि शनिवारवाड्याच्या मस्तानी दरवाज्याला अलीबहादूर दरवाजाही म्हणतात तो हाच.

परत येताना अंधार पडायच्या आत वानवडीला शिंद्यांची छत्री गाठली. ट्रिपच्या प्लॅनमध्ये ती नव्हती, पण पाबळनंतर तिथं जावंसंच वाटलं, कारण महादजी शिंदे वडिलांच्या, राणोजींच्या, लग्नाच्या बायकोच्या पोटचे नव्हते असं इतिहासकार लिहितात. आईचं नाव चिमाबाई. पानिपतानंतर सरदारकी मिळायला त्यांना जे झगडावं लागलं त्यात हेही एक कारण होतं. पुढं याच माणसानं १७७२ मध्ये मोगल बादशहा शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवलं आणि १७९४ च्या फेब्रुवारीत इथं वानवडीला डोळे मिटले. छत्री सुरेख आहे, राजस्थानी धाटणीची, आत महादेवाचं मंदिर आणि शिंदे घराण्यातल्या लोकांचे फोटो. आम्ही दोघींनी सगळ्या भिंती फिरून चिमाबाई शोधल्या. नाही सापडल्या. ताईनं वहीत नाव लिहून घेतलं, सोमवारी नववीच्या वर्गात महादजी शिकवायचेत, सुरुवात आईपासून करणार म्हणाली.