पटावर न आलेली मुले

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी वरिष्ठ लिपिक आहे. शाळा कॅथलिक संस्थेची आहे. आठवीचे प्रवेश पुढच्या जूनपासून थांबवायचे, आहेत ती मुले दहावीतून बाहेर पडली की शाळा बंद करायची आणि इमारत त्याच आवारातील स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळेला द्यायची, हा संस्थेचा विचार बाहेर फुटल्यावर माजी विद्यार्थ्यांनी निवेदन दिले आणि एका रविवारी, चर्चमधल्या दुसऱ्या मिस्सेनंतर (उपासनेनंतर), सभागृहात सभा बोलावली. त्या सभेत माझ्या टेबलावर तयार झालेले दोन कागद वाचले गेले. ते दोन्ही कागद खरे होते, आणि तरीही त्या दिवसाचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

शाळेच्या कार्यालयात काय चालते याची बाहेरच्यांना फारशी कल्पना नसते. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने शिपायांची पदे पुढे भरायची नाहीत, त्याऐवजी भत्ता द्यायचा असे ठरले. आमचे शिपाईकाका निवृत्त झाल्यापासून घंटा बहुतेक वेळा मीच देते. पण माझे खरे काम जनरल रजिस्टरचे आहे. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते, आणि ती ओळ माणसाला म्हातारपणापर्यंत सोडत नाही. जुन्या पानांवर अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला दिसतो, कारण मास्तरांनी जन्मतारखा तशाच घातल्या. जातपडताळणीसाठी भंडारी, आगरी कुटुंबे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची आणि वारली कुटुंबे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद शोधत येतात, आणि आजोबांचे नाव सापडले की टेबलासमोरच डोळे पुसतात. वाळवी लागलेली पाने मी स्वतः बटरपेपरमध्ये घालून बांधून घेतली आहेत. शाळा बंद झाल्यावर ही रजिस्टरे कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या कपाटात जाणार, हा प्रश्न निवेदनात नव्हता. निवेदनात पोर्चमधल्या घंटेचा, मैदानातल्या चिंचेचा आणि फादरांच्या वेताच्या छडीचा उल्लेख मात्र होता.

सभेच्या आदल्या शुक्रवारी व्यवस्थापक फादर कार्यालयात आले. ते मृदू बोलणारे गृहस्थ आहेत, आणि त्यांच्यावर खलनायकाचा शिक्का मारणाऱ्यांनी शाळेच्या छपराचे बिल एकदा पाहावे असे मला वाटते. ते म्हणाले, “मॅडम, निवेदनावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांच्यापैकी किती जणांची मुले आज आपल्या शाळेत आहेत, तेवढे काढून द्याल का?” मी काढून दिले. सह्यांची नावे रजिस्टरशी ताडून पाहायची, वडिलांच्या नावावरून आणि गावावरून पुढची पिढी शोधायची, हे काम मला आवडते, आणि ते मी चोख केले. कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांतून आलेल्या त्या लांबलचक यादीत फक्त दोघांची मुले आमच्याकडे होती. बाकीच्यांची बहुतेक त्याच आवारात, पुढच्या इमारतीत, इंग्रजीत शिकत होती.

शनिवारी माजी विद्यार्थ्यांपैकी एक वकील माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन आले. त्यांना गेल्या काही वर्षांच्या संचमान्यतेच्या प्रती आणि वर्गवार हजेरीचा तक्ता हवा होता. सह्या करणाऱ्या सगळ्यांत नेमके काय मागायचे हे ठाऊक असलेला हा एकच माणूस होता. त्या दिवसापर्यंत माजी विद्यार्थ्यांच्या समितीतल्या कोणी संचमान्यता हा शब्द माझ्यासमोर उच्चारला नव्हता, आणि शाळा जगते की मरते हे त्या एका कागदावर ठरते. ३० सप्टेंबरचा पट धरून किती शिक्षक मंजूर होणार ते त्यात येते, आणि पटात आधार पडताळणी झालेलीच मुले धरली जातात. त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी आवळले. वरच्या वर्गात वीस मुले भरली नाहीत, तर तिथे शिक्षकाचे पदच उरत नाही.

आता आमच्या वर्गात बसतात कोण? बरीचशी मुले पाड्यांवरची वारली, काही वाड्यांत आणि बांधकामांवर राबणाऱ्या कुटुंबांची. त्यांच्या आधारवर आडनाव कधी आधी असते, कधी नसतेच. आमच्या रजिस्टरात ‘लक्ष्मण’ तर कार्डावर ‘लखमा’. जन्मतारीख अंदाजाने घातलेली. पंधरा वर्षे पूर्ण झाली की बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, म्हणजे नववी-दहावीच्या मुलांना केंद्रावर जाणे भाग पडते, आणि त्यासाठी आईबापाला एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. मूल रोज वर्गात येते, खिचडी खाते, सहामाहीत पास होते, पण पट नोंदवायच्या सरकारी पोर्टलच्या लेखी ते नसते. सप्टेंबरात मी रात्री उशिरापर्यंत लॉगिन उघडून बसते, कारण दिवसा सर्व्हर चालत नाही. मुख्याध्यापिकांच्या परवानगीने मी वकिलांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दिले. वर्गात बसणारी आणि पटात धरलेली मुले यांत पंधरा जणांचा फरक होता.

रविवारी सभागृह भरले होते. पहिल्या वक्त्यांनी मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेल्या अभिजात दर्जाचा दाखला दिला. दुसऱ्यांनी व्हॅटिकन परिषदेनंतर वसईच्या चर्चमध्ये लॅटिन जाऊन मराठी कशी रुजली ते सांगितले आणि उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे नाव घेतले; टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. सगळे मनापासून बोलत होते, यात मला शंका नाही. मग व्यवस्थापक फादर उठले आणि नावे न घेता माझ्या पहिल्या कागदावरचा आकडा त्यांनी वाचला.

सभागृहात गोंधळ उडाला. एक बाई उभ्या राहून म्हणाल्या, “फादर, पुढच्या इमारतीत इंग्रजी बालवाडी निघाली तेव्हा प्रवेशाची सूचना मिस्सेच्या शेवटी अल्तारावरूनच झाली होती ना? मग आता आम्हांला कशाला विचारता?” हेही खरेच होते. अर्धा तास दोन्ही बाजू एकमेकांना खरेच सुनावत होत्या. इतका वेळ वाया गेलेला मला पाहवेना.

मग वकिलांनी दुसरा कागद वाचला आणि एकच मुद्दा मांडला: पट कमी म्हणून बंद करायची म्हणता, तो पट वर्गातला की पोर्टलवरचा? ही मुले कोण, हे कोणीतरी मागून विचारले. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिले आणि मी जागेवरूनच पाड्यांची नावे सांगितली. काही जण मान वळवून एकमेकांकडे पाहू लागले. त्या मुलांपैकी किंवा त्यांच्या पालकांपैकी सभेला कोणी नव्हते, कारण निमंत्रण माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरले होते. ज्यांची शाळा बंद होणार होती त्यांच्यावाचून शाळा वाचवण्याची सभा भरली होती, आणि हे माझ्याही लक्षात पाड्यांची नावे घेताना आले.

निर्णय एक वर्ष पुढे गेला. संस्थेने पट वाढवून दाखवण्याची अट घातली, समितीने टाळ्या वाजवून ती मान्य केली. काही सहकारी अजून म्हणतात की फादरांना यादी देऊन मी शाळेचे नुकसान केले. काही म्हणतात की वकिलांना मी आकडे दिले ते शाळा बंद पडली तर मला अतिरिक्त ठरून समायोजनात दुसऱ्या शाळेत जावे लागेल या भीतीने. लिपिकाने मागितलेली खरी माहिती द्यायची नाही तर काय करायचे, हे दोघेही सांगत नाहीत. मात्र पहिला कागद मागणाऱ्याने तो कशासाठी मागितला हे मला शुक्रवारीच कळले होते, आणि तरी मी तो इतक्या हौसेने का केला, हे मी स्वतःला अधूनमधून विचारते.

समितीने आल्याबरोबर भिंती रंगवल्या आणि एक प्रोजेक्टर दिला. मी वकिलांना स्पष्ट सांगितले की मला रंग नको, कामाच्या दिवशी सकाळी एक गाडी आणि दोन माणसे हवीत. एक फुलबागवाले गृहस्थ टेम्पो घेऊन आले. त्यांची मुलगी पुढच्या इमारतीत आहे, माझ्या यादीतच ते होते. त्यांनी मुलांना आणि त्यांच्या आयांना आधार केंद्रावर नेले, दुपारपर्यंत रांगेत उभे राहिले, आणि आठ मुलांचे काम झाले. उरलेल्या सातांपैकी चौघांच्या जन्माची नोंदच नाही. उशिराच्या नोंदीच्या आदेशासाठी अर्ज केले आहेत. तो आदेश ३० सप्टेंबरच्या आत हातात पडला, तर दहावीचा पट एकवीस होतो.