तुम्ही विचारलंत म्हणून: अजून जँगोच का?

लग्नात भेटलेला जुना सहकारी असो की मुलाखतीला आलेली पोरं, प्रश्न ठरलेला: "सर, अजून जँगोच? रिॲक्ट का नाही?" जँगो म्हणजे सर्व्हरवरच पान तयार करून पाठवणारी पायथनची चौकट; रिॲक्ट म्हणजे फोनच्या ब्राउझरमध्ये पान रचणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी. आजवर हसून टाळलं. आता एकदाच काय ते सांगून टाकतो.

मला जमत नाही म्हणून नव्हे. 2015 साली रिॲक्टसारख्याच, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अँग्युलरजेएसचा झेंडा घेऊन मीच नाचत होतो. जँगो 2005 चं, तेही कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलेलं. म्हणजे म्हाताऱ्यांचं, असं मीच म्हणायचो. त्याच भरात एका पतसंस्थेचं पिग्मीचं काम घेतलं. सगळा कारभार ब्राउझरमध्ये, सर्व्हरकडून नुसता जेसन, म्हणजे कच्चा डेटा. ऑफिसच्या वायफायवर असं पळालं की डेमोनंतर चेअरमनसाहेबांनी पेढे मागवले.

पहिल्याच सोमवारी एजंट काकांबरोबर बाजारात गेलो. किराणावाल्याने गल्ल्यातून पन्नासची नोट काढून पुढे केली. काकांनी लिंक उघडली. पांढरी स्क्रीन. फोनवर रेंजच्या जागी 'ई', म्हणजे रांगतं नेट, आणि पान दिसायच्या आधी उतरवायची माझी स्क्रिप्ट दीड एमबीची. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं, नोट तशीच हवेत. काकांनी शांतपणे फोन खिशात टाकला, कानावरचं पेन काढलं आणि कार्डावर नोंद केली. मला एक शब्द बोलले नाहीत. शिवाय परतताना चहाही त्यांनीच पाजला. तो अजून घशात अडकलाय.

सप्टेंबर 2016 मध्ये अँग्युलर 2 आलं, जुन्याशी अजिबात न जुळणारं. नाहीतरी सगळं नव्याने लिहायचंच होतं, तर जँगोत लिहिलं. एक फॉर्म, एक बटण, पान काही केबीचं. ॲडमिनची पानं, म्हणजे ऑफिसातून नोंदी बदलायची, तर आयतीच मिळाली. एजंटचं नाव बदलायला शाखेतल्या मॅडमना मला फोन करायची गरजच उरली नाही.

पण खरं सांगू? दोष अँग्युलरचा नव्हता. स्क्रिप्ट एकगठ्ठा पाठवली मी, जीझिप, म्हणजे फाइल दाबून लहान करून पाठवणं, चालू करायला विसरलो मी. आणि रेंज पार गेली की माझा जँगोचा फॉर्मही 'सेव्ह' दाबल्यावर लटकतोच. तिथे नोंद फोनमध्येच साठवायला हवी, म्हणजे फिरून जावास्क्रिप्टच्या दारात. काकांचा मुलगा आता तीच लाइन फिरतो आणि नेमकं हेच मागतो. त्याच्यासाठी व्ह्यूत (रिॲक्टच्याच जातीचं) लिहिलेली एक ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, सहा महिने पडून आहे. मुख्य कोडमध्ये मर्ज करायला हात धजत नाही.