सोलापूर, नळदुर्ग, अक्कलकोट : भर पावसात मीटरवरचे दिवे वाचत

नळदुर्गचा नर-मादी धबधबा बघायचा तर बोरी नदीची मर्जी सांभाळावी लागते. पाऊस कमी झाला तर बंधाऱ्यावरून पाणी पडत नाही आणि जास्त झाला तर तिकडं पोचणं अवघड. सप्टेंबरच्या शेवटी ‘धबधबा सुरू झालाय’ असे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागले, तेव्हा सोलापुरात पाऊस मुक्कामालाच आला होता. भाचा पुण्याहून आलेला, खिशात कोरं लर्निंग लायसन्स. आईला अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचंच होतं. मग नळदुर्ग करून तसंच अक्कलकोट आणि रात्री सोलापूर, असा गोल ठरला. गाडी माझी, डिझेलची, बऱ्यापैकी जुनी. तिच्यात टेंपरेचरला अजून काटा आहे, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

किल्ली फिरवली आणि मीटरवर सगळे दिवे लागले. ‘‘आत्या, एवढे लाल?’’ भाचा दचकला. लागायलाच हवेत. गाडी स्वतःला तपासून घेत असते. इंजिन सुरू झालं की एकेक विझत जातो. जुनी गाडी घ्यायला जाते तेव्हा मी रंग आणि सीट कव्हरं नंतर बघते, आधी हे. किल्ली फिरवूनही एअरबॅगचा किंवा इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर तो कुणीतरी गप्प केलाय असं धरायचं आणि सौद्यावरून उठायचं. डिझेल गाडीत तारेच्या वेटोळ्याचा एक पिवळा दिवा असतो, तो विझेपर्यंत स्टार्टर मारायचा नाही. हा शेवटचा नियम भाच्याला फारच जुनाट वाटला.

हैदराबाद रोडला लागलो. मुळेगाव तांडा मागं पडला आणि बोरामणीच्या अलीकडं पावसानं असा जोर धरला की समोरच्या ट्रकचे मागचे दिवेच काय ते दिसत होते. आणि नेहमीचा प्रकार सुरू झाला : एकेक गाडी चारही इंडिकेटर लावून पळायला लागली. ही खोड महाराष्ट्रभर आहे, पण मला ती इथं फार डाचते. चारही इंडिकेटर हे थांबलेल्या गाडीसाठी असतात. चालत्या गाडीनं लावले की ती लेन बदलणार आहे का, हे सांगायची तिची सोयच संपते, आणि मागच्याला कळत नाही की पुढची गाडी उभी आहे की जातेय. पावसात हेडलाइट लावायचे, तेही डिपरवर, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर पडेल असे. अप्परचा उजेड पाण्याच्या पडद्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. मीटरवर निळा दिवा दिसतोय म्हणजे अप्पर चालू आहे. रात्री या रोडला निम्म्या लोकांच्या मीटरवर तो निळा दिवा कायम असतो आणि त्यांना तो नक्षीचा भाग वाटत असावा.

डिव्हायडरच्या बाजूला पाणी साचलेलं. एका टप्प्यावर स्टिअरिंग अचानक हलकं झालं, इंजिनचा आवाज चढला. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी आलं की असं होतं. ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग झटक्यानं फिरवायचं नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि चाक पुन्हा रस्त्याला लागायची वाट बघायची. टायरची नक्षी झिजलेली असेल तर हे कमी वेगातही होतं. मी डाव्या लेनला आले आणि साठच्या खाली राहिले. मागून एकजण डिपर मारत, हॉर्न वाजवत पुढं गेला. जाऊ दे बाबा.

तांदुळवाडी, इटकळ करत नळदुर्गला पोचलो. धबधब्याबद्दल लिहावं तेवढं कमीच. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, किल्ल्याच्या आणि शेजारच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याच्या मध्ये बोरी अडवून हा बंधारा घातला आणि त्याच्याच पोटात पाणीमहाल बांधला. नदी भरली की दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं, एक नर आणि एक मादी. त्या दिवशी महालात उतरू देत नव्हते, पण समोरच्या काठावरून बघताना तुषार चष्म्यावर येत होते आणि आईचा पदर भिजला होता. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला ओढ लागली होती ती मावसबहिणीच्या घराची. नळदुर्गहून अक्कलकोटला जाताना आत आडवळणाला ते गाव आहे आणि ‘‘आलोच आहोत इकडं तर’’ या वाक्यापुढं आमच्या घरात कुणाचं चालत नाही.

त्या वाटेवर भाच्यानं प्रश्नांची फैर लावली. मी त्याला रंगांवरून सांगितलं. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडलंय, गाव गाठून दाखवा. लाल म्हणजे थांबा. पण लालमध्येही फरक आहे, आणि माझं सगळं म्हणणं इथंच येतं : दिवा आपल्याला सांगतो की थांबायला किती वेळ उरलाय. कुठं थांबायचं, ते आपण ठरवायचं.

तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तर वेळ जवळजवळ शून्य. ऑइलचं प्रेशर गेलंय. बाजूला घेऊन इंजिन बंद. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हटलं की इंजिन गेलंच. टेंपरेचरचा लाल लागला तर तोही जवळपास तसाच, पण जागा मिळेपर्यंत एसी बंद करून हीटर पूर्ण चालू केला तर इंजिनची थोडी उष्णता आत खेचली जाते. सोलापूरच्या मे महिन्यात, बाहेर त्रेचाळीस अंश असताना, गाडीत हीटर लावणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. आणि थांबल्यावर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते तोंडावर येतं. लाल वर्तुळात उद्गारचिन्ह असेल तर आधी हँडब्रेक बघायचा. तो खाली असूनही दिवा राहिला तर ब्रेक ऑइल कमी आहे आणि ती गाडी चालवायची नाही. एबीएसचा पिवळा मात्र वेगळा. ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊ न देण्याची सोय गेलेली असते, तेव्हा अंतर वाढवायचं. इंजिनच्या चित्राचा पिवळा नुसता लागून राहिला तर सवडीनं गॅरेज. लुकलुकायला लागला तर इंजिन मिस होतंय, म्हणजे आत इंधन नीट जळत नाहीये, वेग कमी करून लवकर दाखवायचं, नाहीतर सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो.

‘‘आणि बाबांच्या गाडीत तो ठिपक्याठिपक्यांचा डबा येतो तो?’’ दादाची गाडी बीएस-६ डिझेल आहे, एप्रिल २०२० नंतरची. पुण्यात दिवसभर सिग्नलला रांगते, मग धूर अडवणारा डीपीएफ फिल्टर काजळीनं भरतो. पिवळा असेपर्यंत उपाय फुकटात आहे : हायवेला काढून पंधरा-वीस मिनिटं एका वेगानं चालवायची, काजळी आतच जळते. म्हणून सोलापूरला येताना इंदापूरच्या आसपास तो दिवा विझतो आणि दादाला वाटतं गाडीला माहेरची ओढ आहे.

मावशीकडून निघालो तेव्हा दिवस कलला होता. गावाबाहेरच्या ओढ्यावर पाणी आलेलं. पलीकडं दोन मोटरसायकली, अलीकडं आम्ही आणि एक जीप. जीपवाला म्हणाला, ‘‘जातंय की ओ, गुडघ्याएवढंच हाय.’’ जात असेल. पण फूटभर वाहतं पाणीसुद्धा लहान गाडी बाजूला सारू शकतं, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता जाग्यावर आहे की नाही ते कुणालाच दिसत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरानं लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला होता. तिथं आमच्या ओढ्याचं काय घेऊन बसलात! आम्ही थांबलो. आईनं मावशीनं बांधून दिलेली भाकरी आणि शेंगाचटणी उघडली, जीपवाल्यालाही दिली, मग तोही थांबला.

पाणी ओसरून डांबर दिसायला लागलं तशी मी पहिल्या गिअरवर हळू काढली. मध्यावर समोरून ट्रॅक्टर आला आणि त्याच्या चाकांनी उडवलेलं पाणी थेट बॉनेटवर. पलीकडं गेल्यावर दोन-तीनदा ब्रेक हलका दाबून वाळवून घेतला. पुढचा रस्ता काळ्या रानातला. ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेला चिखल डांबरावर पसरलेला, त्यावर चाक धरतच नाही. तिथं दुसरा गिअर आणि गप्प बसायचं.

अक्कलकोट रोडला लागलो आणि बॉनेटमधून चीं-चीं आवाज सुरू झाला. मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला, विझला, मग लागूनच राहिला. भाचा म्हणाला, ‘‘लाल आहे, थांब ना!’’ अंधार पडलेला, पाऊस, बाजूला चिखलाची पट्टी, मागून ट्रक. तिथं थांबणं हेच मोठं संकट. बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरी खराब असं नसतं. डायनामो चार्जिंग करत नाहीये, गाडी बॅटरीत शिल्लक आहे तेवढ्यावर चाललीय. म्हणजे थोडा वेळ आहे. दिवसा, कोरड्यात तो बराच असतो. हेडलाइट आणि वायपर चालू असताना कमी. ते दोन बंद करता येत नव्हते, म्हणून एसी, ब्लोअर, गाणी, मोबाइलचे चार्जर, सगळं काढलं. काच आतून धुरकटायला लागली तशी खिडकी बोटभर उघडली, आई ओल्या टॉवेलची घडी घेऊन पुसत राहिली.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही : टेंपरेचरचा काटा. डायनामो बेल्टवर फिरतो, आणि माझ्या गाडीत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. बेल्ट तुटला असता तर काटा वर गेला असता आणि मग पाऊस असो की अंधार, जागच्या जागी थांबावं लागलं असतं. भाच्याला ते काम दिलं. तो दर मिनिटाला ‘‘मध्येच आहे’’ म्हणत होता. थांबावंच लागलं असतं तर काय, तेही ठरवलं होतं : चारही इंडिकेटर, लाल त्रिकोण मागं निदान पन्नास मीटरवर, माणसं गाडीत न बसता रस्त्यापासून लांब, आणि १०३३ ला फोन. राष्ट्रीय महामार्गाची मदत त्या नंबरवर मिळते. अपघात असेल तर ११२.

एक पेट्रोल पंप आला. शेजारी पत्र्याचं शेड, आत एक मिस्त्री. इंजिन बंद केलं नाही. केलं असतं तर पुन्हा चालू झालं नसतं. त्यानं टॉर्च मारली, कान दिला आणि म्हणाला, ‘‘बेल्ट ढिला हाय ओ, त्यात पाणी गेलंय. घसरतंय ते. आता करा बंद, चालू करून द्यायला बॅटरी हाय माझ्याकडं.’’ डायनामोचा नट सैल केला, मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून डायनामो बाहेरच्या अंगाला रेटून धरला आणि तसाच नट आवळला. मग अंगठ्यानं बेल्ट दाबून दाखवला : किंचित खाली जायला हवा, जास्त नाही. भाच्याचा अंगठाही तिथं ठेवायला लावला. बेल्ट कापडानं पुसला, गाडी चालू केली, दिवा विझला. ‘‘सोलापूरला जाऊन नवा टाका मॅडम, हा चिरलाय.’’

दर्शन झालं, अन्नछत्रात प्रसाद झाला. अक्कलकोट-सोलापूर रस्ता मोठा आहे, पण रात्री तिथं वेग मी वाढवत नाही; गाळप सुरू झालं की बिनदिव्यांच्या उसाच्या ट्रॉल्या इथं भेटतात आणि सप्टेंबरात त्यांची जागा बसलेल्या म्हशी घेतात.

सकाळी नवा बेल्ट पडला. जुना उलटा वाकवून बघितला तर आतल्या बाजूला दर बोटभर अंतरावर चीर. वरून तो धडधाकट दिसत होता. भाच्यानं दोन्हीचे फोटो काढून दादाला पाठवले आणि विचारलं, आपल्या गाडीचं मॅन्युअल कुठं आहे, त्यात सगळ्या दिव्यांचं पान असतं म्हणे. दादाचं उत्तर आलं : ग्लोव्ह बॉक्समध्ये, शोरूमनं दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील फोडलेलं नाही.