आमची वाटचाल: एका न काढलेल्या प्लगची गोष्ट

वाळूजकडे आमचं बोरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर कातून घासून गुळगुळीत करायचं शॉप. मशिनं, कर्ज, हप्ते, सगळं चारचौघांसारखंच. सांगण्यासारखा आहे तो जालन्याहून आलेला एक डिझेल ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा.

ओतीव लोखंडाचा, चार सिलिंडरचा. मागचा ऑइल गॅलरीचा (ब्लॉकच्या आतल्या तेलाच्या वाटेचा) प्लग ॲलन कीला दाद देईना, म्हणून तो तसाच ठेवून ब्लॉक धुवायला कॉस्टिकमध्ये सोडला. बोअर झाला, होन झाला, वरून चकाचक. आत मात्र गाळ आणि होनिंगची खर अडकलेली. इंजिन सुरू होताच ती तेलाबरोबर बेअरिंगात गेली आणि क्रँक खरवडला. ग्राइंडिंग, बेअरिंगं, मजुरी, सगळं आम्ही भरलं. शेजारच्या शॉपवाल्याने मात्र फिटर गाठून गाठून सांगितलं, "तिकडं ब्लॉक टाकला की क्रँक गेला समजा." स्वतः तो प्लगला हातही लावत नाही, म्हणूनच दोनशे रुपयांनी स्वस्त! आमचं होनिंग मशीन विकायला निघालं होतं. परभणीचे एक फिटरमामा तेवढे टेम्पोत ब्लॉक घालून पाठवत राहिले.

आता ब्लॉक धुवायच्या आधी सगळं काढतो. आधी सेन्सर. नॉक सेन्सर खाली पडू द्यायचा नाही, आतला क्रिस्टल तडकतो. क्रँक सेन्सरचा ओ-रिंग चिकटलेला असतो. डावीउजवीकडे हलवून सोडवा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला की सेन्सरचं नाक तुटून आतच राहतं. ऑइल प्रेशर स्विचला खोल सॉकेट लावा, पाइप पाना नको.

मग गॅलरी प्लग. तोंडावर हातोडीचे दोन सरळ ठोके, गॅसने तापवायचा, थोडा निवला की मेणबत्ती टेकवायची. मेण आट्यांत ओढलं जातं. ॲलन की गोल झालीच तर प्लगवर नट वेल्ड करून पान्याने फिरवा. वेल्च प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या जागेवरचं पत्र्याचं झाकण) एका कडेला पंचने ठोकला की आडवा होतो, मग पक्कडीने ओढा. मधोमध ठोकाल तर पाण्याच्या जागेत पडेल. आपल्याकडे बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची खोड, म्हणून हे प्लग आतून सडतात; जुने परत बसवू नका. ॲल्युमिनियमचा ब्लॉक कॉस्टिकमध्ये घालायचाच नाही, कॉस्टिक तो खातं.

निघालेले प्लग आम्ही चहाच्या ट्रेमध्ये मांडतो आणि बिलावर लिहितो: प्लग काढले इतके, बसवले इतके. मामा ती ओळ वाचूनच पैसे देतात. शेजाऱ्याच्या बिलात ती अजून आलेली नाही.